आंदणात दिलेलं बेट

आमच्यात लग्न बाई लावते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी विचारायला नको की भटजी कुठे गेला होता. आम्ही वारली. वसईच्या पूर्वेला, पारोळच्या पुढे डोंगराच्या अंगाला आमचा पाडा आहे. तिथली लग्नं माझ्या गळ्यातून लागतात. लग्न लावणाऱ्या बाईला आम्ही धवलेरी म्हणतो. माझी सासू धवलेरी होती, तिच्यानंतर मी. गळा तिच्यापेक्षा माझा बरा, पण नियम तिचे, आणि ते मी मोडत नाही.

उन्नती माझी नात, माझ्या शांतारामची मुलगी. हे नाव आश्रमशाळेच्या बाईंनी लावलं. मी ठेवलेलं नाव त्यांच्या कागदावर शोभेना. असू दे. पोरगी नावाला जागली, मुंबईला चित्रांच्या कॉलेजात गेली. तिथे सगळ्यांना वाटलं, वारल्याची पोर आली, आता ही गेरूवर पांढऱ्या काड्यांची माणसं काढणार. दुसरं काही काढलं की मास्तर विचारायचे, "तुमचं ते नेहमीचं कधी काढणार?" हायवेवरच्या एका रिसॉर्टवाल्याने तर तिला सुट्टीत काम देऊ केलं. आखूड लुगडं नेसून दारात उभं राहायचं आणि पाहुण्यांची गाडी आली की चार पावलं नाचायचं. पोरगी घरी आली ती हसत.

"आजी," म्हणाली, "हे लोक आम्हाला बघायला येतात ना, आता मी यांना बघते."

ही दोन हजार तीन सालची गोष्ट. उन्नती जी फिल्म काढणार होती ती थेटरातली नव्हे. त्याला व्हिडिओ आर्ट म्हणतात. हँडीकॅमवर काढायची, मुंबईच्या एका हॉलमध्ये टीव्ही लावून ठेवायचा आणि लोकांनी उभ्या उभ्या बघायची. नव्या पोरांपैकी मोजक्यांना त्या हॉलात जागा मिळाली होती. आमच्या तालुक्यातून एकटी उन्नती. दिवाळीच्या आत फिल्म पोचली तर जागा तिची, नाहीतर दुसऱ्याची. कॅमेरा उसना होता आणि त्यात घालायची कॅसेट एकच.

गोष्ट तिने जुनी घेतली, खरी घडलेली. पोर्तुगालच्या राजघराण्यातली मुलगी इंग्लंडच्या राजाला दिली, तेव्हा मुलीबरोबर मुंबई बेट आंदण दिलं. हे तिने सांगितलं तेव्हा मी तांदूळ पाखडत होते. सूप खाली ठेवलं.

"बेट? मानसांसकट?"

"माणसांसकट."

"कोनाला विचारलं?"

"कोणालाच नाही."

आमच्यात नवऱ्याकडचे मुलीच्या घरी देज देतात. मुलगी जाते म्हणजे घरातले कष्टाचे हात जातात, ते रिकाम्या हाताने कसे न्यायचे? आणि हे राजेलोक मुलगी देऊन वर बेट देतात! बरं, माझा बाप लग्नाच्या खर्चापायी सावकाराकडे लग्नगडी होता. माझा जन्म सावकाराच्या गोठ्यामागचा. लग्नापायी माणूस गहाण पडतो हे मला माहीत होतं. अख्खी मुंबई गहाण पडते हे मी नवीन ऐकलं.

"ते लग्न आपण परत लावायचं," उन्नती म्हणाली. "वसईच्या किल्ल्यात, पोर्तुगिजांच्याच घरात. आणि धवलेरी तू."

"नवरा कोन?"

"मी."

"आनि नवरी?"

"जितेश."

जितेश म्हणजे तिच्या कॉलेजातला गिरीजचा मुलगा. घरची केळीची, नारळाची वाडी. उंच, लाजरा, पापण्या अशा की कोणत्याही मुलीला हेवा वाटावा. त्याच्या शेजारची सुझान कॅमेरा धरणार होती. सुझानच्या मावशीचा लग्नातला पांढरा झगा जितेशला, आणि तिच्या कार्मिनमामाची लग्नाच्या बँडमधली सोनेरी पट्ट्यांची टोपी आमच्या राजाला.

किल्ल्यात आम्ही सकाळीच गेलो. पडक्या चर्चच्या कमानीखाली उन्नतीने कोळशाने मिशी काढली, टोपी चढवली, आणि काय सांगू, माझी नात मला दिसेनाशी झाली. छाती काढून चालली, वडाच्या पारंब्यांना म्हणाली, "मी तुम्हाला शोधून काढलं!" एका बकरीला म्हणाली, "आजपासून तू माझी प्रजा." मग शिंप्याची टेप काढून जितेशच्या नाकाची लांबी मोजली, कानाची मोजली आणि कॅमेऱ्याकडे बघून गंभीरपणे सांगितलं, "हे लोक स्वभावाने भोळे असतात. निसर्गाच्या जवळ राहतात. गिरीजमध्ये."

सुझान हसता हसता खाली बसली. कॅमेरा हलला तो फिल्ममध्ये अजून हललेलाच आहे. उन्नतीने तो तुकडा काढू दिला नाही.

तेवढ्यात तिकडून एक जोडपं आलं, फिरायला आलेलं, गळ्यात कॅमेरा. माझं लुगडं बघून बाई नवऱ्याला म्हणाली, "आदिवासी आहेत वाटतं." आणि मला, "आजी, नाचून दाखवता का? एक फोटो काढतो."

मी तोंड उघडणार होते, आणि मी उघडलं असतं तर त्या दोघांनी वसई परत पाहिली नसती. पण उन्नतीने टोपी काढून त्यांना मुजरा केला. "आधी पाहुण्यांचा नाच! तुमचा पारंपरिक नाच आम्हाला दाखवा. आम्ही खूप लांबून अभ्यासाला आलोय."

"आमचा कसला?" नवरा म्हणाला.

"लग्नात करता तो. लाजू नका. आम्ही टाळ्या वाजवतो."

आणि ती दोघं नाचली! आधी बाई, मग तिच्या मागे नवरा, हात वर करून, वरातीतल्यासारखी. उन्नती मिशीवर हात फिरवत बघत होती, मान डोलवत होती, "अप्रतिम, अगदी मूळ स्वरूप!" शेवटी ती बाईसुद्धा हसायला लागली. म्हणाली, "कळलं बाई, कळलं." कोणाचा अपमान नाही, कोणाला शिवी नाही. मी सगळं आयुष्य जिभेनं लढले. हिची जीभ मिशीखाली होती आणि माझ्यापेक्षा खोल लागत होती. हे मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही. पोरांना लगेच सांगितलं की चढतात.

मग लग्न. चादर गेरूत बुडवून उन्नतीने त्यावर आमचा लग्नाचा चौक काढला होता, तांदळाच्या पिठाने, चारी कडा भरून. मधोमध आमच्यात पालघट देवी असते. तिथे हिने मुद्दाम देवी न काढता मुंबई बेट काढलं होतं. म्हणजे खेळ तो खेळच राहावा. मला हा तिचा विचार आवडला. चादर कमानीखाली पसरली, झग्यातली नवरी आणि मिशीतला नवरा समोरासमोर उभे राहिले आणि सुझान म्हणाली, "आजी, चालू."

मी म्हटलं, "नवऱ्याच्या आयचं नाव सांगा."

"कोणाच्या?"

"इंग्लंडच्या राजाच्या. आनि नवरीच्या बापाचं. गाव पन."

तिघं एकमेकांकडे बघायला लागली. एवढी कॉलेजात शिकलेली, एकाला ठाऊक नाही. जितेश म्हणाला, "आजी, कोणतंही घाला."

कोणतंही? माझ्या सासूने मला शिकवलं ते असं, की देवीला हाक मारताना समोर कोण उभं आहे ते खरं सांगायचं. खोट्या नावाने हाक मारली तर ती येऊन भलत्याच्याच दारात उभी राहते. आणि गाणं सुरू केलं की अर्धं सोडायचं नाही. मग मी काय करणार? डोळे मिटले आणि समोर जे होते त्यांची नावं घेतली. शांतारामची उन्नती, पारोळच्या वरच्या पाड्याची. वसुंधराबाईंचा जितेश, गिरीजचा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत गायले. कमानीत आवाज असा घुमला की कबुतरं उडाली. माझ्या पाड्यावर मातीच्या भिंती, तिथे माझा आवाज इतका मोठा कधी आला नव्हता. पोर्तुगिजांनी तेवढं एक काम चांगलं केलं.

संध्याकाळी पाड्यावर आल्यावर मीच म्हटलं, टीव्हीला जोडा, सगळ्यांना दाखवा. एवढं केलं ते कोणाला कळायला नको? रूपजीच्या घरी रंगीत टीव्ही होता. रूपजी आमच्या पाड्याचा कारभारी, भांडणतंट्यात त्याचा शब्द शेवटचा. सगळा पाडा त्याच्या ओट्यावर जमला. बकरीवर हसले, नाचावर हसले, जितेशच्या झग्यावर तर बायका लोळल्या. मग माझं गाणं आलं आणि हसू हळूहळू थांबलं.

"थांबव," रूपजी म्हणाला. "परत लाव."

परत लावलं.

"धवलेरी, तू नावं घेतलीस."

"घेतली."

"खरी घेतलीस. आयबापाची, गावाची."

"मग काय भोपळ्याचं लगीन लावू?"

"मंग लगीन झालं," रूपजी म्हणाला.

माझा शांताराम वालीवच्या कंपनीत मशीनवर आहे. गरीब स्वभावाचा, पण त्या दिवशी उठून उभा राहिला. "आये, खेळ होता ना तो!"

"खेळ तुझ्या पोरीचा. गानं माझं. मी खेळातलं गानं गात नाय."

"चौकात देवी नव्हती," उन्नती म्हणाली. "बेट होतं."

"काढली नव्हती," रूपजी म्हणाला. "पन हिनं हाक मारली. हिनं हाक मारल्यावर ती आली नाय असं कधी झालं?"

ते खरंच होतं.

रूपजीने दोन वाटा सांगितल्या. जितेशला आणून घरजावई बसवायचं, नाहीतर कॅसेट जाळून टाकायची आणि कोणी काही ऐकलं नाही असं धरायचं. शांतारामने लगेच हात पुढे केला. "दे इकडं. जाळतो."

उन्नतीने कॅमेरा पोटाशी धरला. "बाबा, हॉलवाले थांबणार नाहीत. हे सगळं परत होणार नाही. ती बकरी, तो नाच, आजीचा आवाज, काहीच परत होणार नाही."

"मंग नवरा आन घरी!"

"नवरा मी आहे," ती म्हणाली, आणि दोघी-तिघी बायका पदरात हसल्या. शांतारामला हसू आलं नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पोरीचं नाव गावभर होईल याची त्याला भीती होती, आणि बापाची भीती खोटी नसते.

मी मधे पडले. "रूपजी, कॅसेट जाळशील. गानं कसं जाळशील? ऐकायचं ते देवीनं ऐकलं. लागलेलं लगीन जाळून सुटत नाय, काडीमोड करून सुटतं. गिरीजच्यांना बोलाव, रीतसर काडी मोड."

रूपजीने विचार केला. "काडीमोड होऊ दे," म्हणाला. "कॅसेटचं त्यानंतर सांगतो. तवर धवलेरीकडं ठेवा." शांतारामकडे नाही दिली, हे बरं झालं. मी ती तांदळाच्या कणगीत खुपसली.

रविवारी जितेशची आई आली, वसुंधराबाई. रिक्षातून उतरली ती केळीचा घड घेऊन, पण चेहरा केळ्यांसारखा गोड नव्हता. बाई माझ्याहून लहान, पण माझ्यासारखीच, बसायच्या आधी बोलणारी.

"बुधीबाई, माझ्या मुलाचं लग्न मला न विचारता लावलंत?"

"मला पन कोनी विचारलं नाय. मी फक्त लावलं."

"आणि वर त्याला झगा घातलात?"

"झगा सुझानच्या मावशीचा. तिला विचारा."

जितेश भिंतीला लागून उभा होता, जणू भिंतीत शिरता आलं तर शिरला असता. मी कणगीतली कॅसेट काढून दिली. उन्नती बाईंजवळ जाऊन बसली आणि कॅमेऱ्याचा तो हातभर लांबूनही न दिसणारा पडदा तिने त्यांच्यापुढे धरला. बाईंनी चष्मा लावला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. बकरीपाशी ओठ हलले. नाचापाशी चष्मा काढून पुसला. मग जितेश झग्यात चालत येतो तिथे त्यांनी मान वर केली.

"हे असं चालायला तुला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही," जितेश म्हणाला. "तू कोणाच्या लग्नाला निघतेस ना, तसा चाललो."

"मेल्या!" बाई म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की मला त्यांना पाणी द्यावं लागलं. "मुंजीत एवढा देखणा दिसला नव्हता हो," मला म्हणाल्या. "रडून रडून नाक लाल केलेलं. इथे बघा कसा मान वर करून उभा आहे." मग पोराकडे वळून हळू आवाजात, "काडी मोड, आणि पुढच्या वेळी मला बोलवायचं. केस बघ कसे बांधलेत ते."

मग काडीमोड झाली. अंगणात रूपजी मधे बसला. भाताची काडी आणली, एक टोक उन्नतीच्या हातात, दुसरं जितेशच्या. सुझानने विचारलं, घेऊ का मी हे कॅमेऱ्यात? कोणी नको म्हणायच्या आत मी घे म्हटलं.

"मोडायच्या आधी घेतलेलं परत," रूपजी म्हणाला. "नवऱ्याकडून काय गेलं?"

"काही नाही," उन्नती म्हणाली.

"फुकट नवरी आनली?" रूपजीने तोंड वाकडं केलं. "आनि नवरीबरोबर काय आलं?"

जितेश सरळ पोरगा. विचारलं ते सांगितलं. "मुंबई."

सगळं अंगण हसलं. रूपजी हसला नाही.

"हसायला काय झालं? फिल्ममधी तुम्हीच सांगितलं आंदन दिलं म्हनून. तुम्हीच चौकात काढलं. आलं ते परत गेल्याबिगर काडी मोडत नाय. कोनाला द्यायचं बोला."

उन्नतीने एकदम आवाज बदलला, मिशीशिवाय राजा झाली. "मी परत द्यायला तयार आहे. घ्या कोण घेतं ते."

"माझ्या माहेरच्यांनी दिलं होतं," जितेश राजकन्येच्या आवाजात म्हणाला. "त्यांना द्या."

"तुझ्या बापाचं व्हतं?" रूपजीने विचारलं.

"नाही... त्यांनी गुजरातच्या सुलतानाकडून घेतलेलं."

"त्याचं व्हतं?"

"त्याचं पण नव्हतं."

"मंग त्याच्याही आधी कोन व्हतं तिथं?"

जितेशचा राजकन्येचा आवाज गेला, त्याचा स्वतःचा आला. "कोळी होते. भंडारी, आगरी. वर साष्टीकडे जंगल होतं. तिथे तुमचे लोक."

"त्यांना कोनी विचारलं?"

"नाही."

सुझानने कॅमेरा रूपजीच्या तोंडावर नेला. मी रूपजीकडे बघत होते. त्याला व्हिडिओ कळत नव्हता, आर्ट कळत नव्हती, त्याला फक्त न्याय करायचा होता, आणि तो अगदी मन लावून करत होता. त्याने बराच वेळ दाढी खाजवली.

"इतकी मानसं गोळा करून आनता येनार नाय," शेवटी म्हणाला. "मालक येईल तवर पंचाकडं ठेवा. आना ती चादर."

उन्नतीने गेरूची चादर आणली. बेटावरचं पीठ थोडं उडालं होतं, पण बेट होतं. तिने आणि जितेशने ती दोन बाजूंनी धरून रूपजीच्या हातात दिली. मग काडी मोडली. कट्‌ असा बारीक आवाज झाला आणि वसुंधराबाईंनी उगाचच डोळ्यांना पदर लावला.

रूपजी चादरीची घडी घालायला लागला, वेडीवाकडी. आणि आमचा शांताराम, जो आतापर्यंत कुंपणापाशी तोंड फिरवून उभा होता, तो पुढे आला.

"काका, नीट घाला घडी. बेट मोडंल."

त्याने एक बाजू धरली. दोघांनी मिळून मुंबईची घडी घातली.

"आता बोल," मी रूपजीला म्हटलं. "कॅसेट जाळू?"

रूपजीने माझ्याकडे असं बघितलं जसं मीच खुळी. "माझा न्याय हाय तिच्यात. पंचाचा न्याय जाळतात व्हय?"

आणि काखेत मुंबई घेऊन तो आपल्या घराकडे चालू लागला. सुझान कॅमेरा घेऊन त्याच्या मागे. उन्नतीची फिल्म तिथेच संपते. पाठमोरा म्हातारा, काखेत लाल चादर, शेणाने सारवलेल्या ओट्याची पायरी चढतो आणि दार लावून घेतो. चादर अजून त्याच्याकडेच आहे. न्यायला कोणी आलं नाही.

दिवाळीआधी फिल्म पोचली. आम्ही सगळे मुंबईला गेलो. रूपजी धुतलेली टोपी घालून, वसुंधराबाई वाडीतली अबोली माळून. हॉलात मोठमोठी माणसं उभी होती. मिशीवर हसली, बकरीवर हसली, नाचावर तर खूपच, स्वतःला ओळखल्यासारखी. मग रूपजी विचारायला लागला, त्याचं व्हतं, त्याचं व्हतं. माझ्या शेजारचा एक गृहस्थ घड्याळाशी चाळा करत होता, तो थांबला. दार लागलं तेव्हा टाळी वाजायला जरा वेळ लागला. वाजली ती मोठी वाजली.

मी त्या वेळी शांतारामकडे बघितलं. तो मागच्या भिंतीशी उभा होता, आणि कोणी अनोळखी माणूस त्याला विचारत होता की ही कोणाची फिल्म. "माझ्या पोरीची," तो म्हणाला, आणि परत एकदा म्हणाला, न विचारता.

उन्नती गर्दीतून माझ्याकडे आली. "आजी, कशी वाटली?"

माझ्या मनात होतं ते असं, की माझ्या सासूने नावं जपली, मी गळा जपला, आणि हिने दोन्ही घेऊन राजांनाच मांडवात उभं केलं. एवढं कोणी केलं नव्हतं. पण एवढं मोठं बोलायला मला कोणी शिकवलं नाही.

"माझा आवाज बारीक आला," मी म्हटलं. "पुढल्या फिल्मला मशीन जवळ धरायला सांग त्या सुझानला."